ब्रेकमधली हवा

चष्मेवाल्याची बायको थोरल्या बहिणीकडे गेली, तेव्हा पंधरवड्यासाठी म्हणून गेली होती. बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, घरात करायला दुसरं कुणी नव्हतं, आणि सख्खी बहीण असताना परकी बाई कशाला ठेवायची, असं सगळ्यांचंच मत पडलं. मग बहीण काठी घेऊन चालायला लागली. पुढे काठीही सुटली. पुढे तर म्हणे ती एकटी बाजारात जाऊन यायला लागली. बायको मात्र परत आली नाही. भांडण नाही, तंटा नाही, कुणी कुणाला वाकडा शब्द बोललं नाही. राहायला गेली ती राहिलीच.

दर रविवारी सकाळी फोन व्हायचा. गॅस संपला का, गोळ्या वेळेवर घेता का, पाण्याची टाकी धुऊन घेतली का. तोही विचारायचा, बहिणीचं कसं काय, तुझा गुडघा काय म्हणतो. "कधी येतेस?" एवढं एकच सोडून जगातलं सगळं विचारून व्हायचं. विचारलं आणि ती "येत नाही" म्हणाली तर? न विचारलेल्या प्रश्नाला निदान नकार तरी मिळत नाही. माणूस एकटा पडला की असलं शहाणपण सुचायला लागतं.

चष्म्याचं दुकान तो आता फक्त सकाळी उघडायचा. दुपारपासूनचा वेळ गॅरेजमध्ये जायचा, कारण तिथे गाडी होती. दोनच माणसांची, बुटकी, हिरवट रंगाची स्पोर्ट्स कार. कधीकाळी ती रस्त्याने गेली की माना वळायच्या. आता माना वळायच्या त्या "हा आवाज कसला?" म्हणून. तिच्यात बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग आणखी वाकायचं, आणि उरलेलं देवावर सोडून आत पडायचं. पण चष्मेवाल्याने तिला कधी मेकॅनिकच्या हाताला लागू दिलं नव्हतं. ऑइल तो बदलणार, प्लग तो साफ करणार, कार्ब्युरेटर उघडून पेपरावर मांडून ठेवणार तोही तोच. शिवाय सुधारणांचा सोस होता. जुने मिणमिणते दिवे काढून त्याने चांगले दिवे बसवले, इंजिन तापतं म्हणून विजेवरचा पंखा बसवला, खांद्यावरून येणारे पट्टे बसवले. आणि मुलगा लहान असताना, एकदा उतारावर गाडी थांबता थांबेना म्हणून, भंगारात पडलेल्या एका मोठ्या गाडीचे पुढचे ब्रेक काढून आणून यात बसवले. त्या कामाचा त्याला फार अभिमान होता. पाहुणा घरात आला की चहाआधी ते ब्रेक बघावे लागायचे.

ब्रेक मोठे झाले खरे, पण पेडल मऊच राहिलं. कडक लागायला हवं, तिथे पाय उशीत रुतल्यासारखा आत जायचा. गाडी थांबायची, पण दोनदा दाबल्यावर. याचा अर्थ एकच, ब्रेकच्या नळ्यांत कुठेतरी हवा राहिलीय. ती काढायची रीत अशी, की एकाने गाडीत बसून पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने चाकापाशी पडून छोटा निपल सैल करायचा. त्यातून ऑइल आणि हवेचे बुडबुडे बाहेर येतात, पेडल तळाला जातं. मग निपल घट्ट करेपर्यंत पेडल तसंच दाबून धरायचं. निपल उघडा असताना पाय उचलला, तर बाहेरची हवा पुन्हा आत शिरते आणि सगळं मुसळ केरात.

चाकापाशी तो असायचा. पेडलवर बायको. त्यांच्या संसारात ही कामाची वाटणी कधी ठरवावी लागली नव्हती. "दाब," तो खालून म्हणायचा. "दाबलं." "धर." "धरलंय." "सोड." वर्षातून एकदोनदा हे असं अर्धा दिवस चालायचं, आणि शेवटी तो हात पुसत येऊन पेडल दाबून बघायचा आणि म्हणायचा, "तू आधी सोडलंस."

हे वाक्य तो रागाने म्हणायचा असं नाही. पाऊस पडला, दूध उतू गेलं, तसं ते म्हणायचा.

या वर्षीही ब्रेकची वेळ झाली, आणि चष्मेवाल्याला वाटलं, हे बरं निमित्त मिळालं. बायकोला थेट "घरी ये" म्हणायला जीभ उचलत नव्हती, पण ब्रेकसाठी बोलवायला काय हरकत? ती येईल, एक दिवस राहील, मग बघू. रविवारी गोळ्या आणि गॅस झाल्यावर तो सहज म्हटल्यासारखा म्हणाला, "ब्रेकची हवा काढायचीय. येऊन जातेस का?"

पलीकडे तिने टीव्हीचा आवाज बारीक केला.

"दुसऱ्या कुणाला तरी बसवा ना," ती म्हणाली. "समोरच्या कॅशिअरना विचारा. त्यांना तरी काय काम असतं?"

"त्यांना जमायचं नाही."

"मला तरी कुठे जमायचं?" ती म्हणाली, आणि बहीण हाक मारतेय म्हणून तिने फोन ठेवला.

तो फोन हातात धरून बसून राहिला. घरात फ्रिज तेवढा घरघरत होता. त्या दिवशी त्याने ना दाढी केली, ना गॅरेज उघडलं. खरकटी ताटली सिंकमध्ये ठेवायला उठला आणि तिथे आधीच कालची होती, परवाची होती. एकट्या माणसाच्या घरात भांडी साठतात तरी कशी, हे त्याला कोडं वाटायचं.

शेवटी कॅशिअरला बोलवावंच लागलं. कॅशिअर बँकेतून निवृत्त झालेला, पोटाने मोठा, आणि उंटावरून शेळ्या हाकण्यात तरबेज. तो गाडीत शिरला तेव्हा गाडी एका बाजूला कलली. आत बसल्यावर त्याने स्टिअरिंग आणि पोट यांच्यात तडजोड घडवून आणली आणि म्हणाला, "हं. आता सांगा. मी काय दाबू आणि काय नको?"

"मी 'दाबा' म्हणालो की मधलं पेडल दाबा. 'सोडा' म्हणेपर्यंत पाय काढायचा नाही. पेडल खाली जाईल, जाऊ द्या. काही झालं तरी पाय काढायचा नाही."

"भूकंप झाला तर?"

"तरी नाही."

दुपारभर दोघांनी काम केलं. "दाबा." "दाबलं." "धरा." "धरलं." "सोडा." मधल्या वेळात कॅशिअर बँकेतल्या जुन्या मॅनेजरच्या गोष्टी सांगत होता, आणि चाकाखाली पडलेल्या चष्मेवाल्याला कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं. दुसऱ्या माणसाचा आवाज कानावर पडणं हीसुद्धा एक गरज असते, हे पोट भरलेलं असताना लक्षात येत नाही. मग तो उठला, कॅशिअरला बाहेर काढलं, स्वतः बसून पेडल दाबलं. मऊ. होतं तसंच मऊ.

"तुम्ही आधी सोडलंत," तो म्हणाला.

कॅशिअर कपाळाचा घाम पुसत होता, तो थांबला. "कोण, मी? मी नाही सोडलं."

"कधीकधी कळत नाही. पाय नकळत हलतो."

"माझा नाही हलत. तुम्ही 'सोडा' म्हणालात तेव्हा सोडलं. त्याच्या आधी सोडलं नाही. उभा जन्म दुसऱ्याचे पैसे मोजण्यात गेला माझा. न केलेली चूक मी मॅनेजरच्या बापाची पण अंगावर घेतली नाही, तुमची काय घेणार?"

"अहो, पण दुसरं कारणच नाही."

"नाचता येईना, अंगण वाकडं," कॅशिअर म्हणाला आणि समोर आपल्या घरी निघून गेला. चष्मेवाल्याला वाटलं, रागावला. पण तो पाचच मिनिटांत परत आला, हातात लाकडी फळीचा एक तुकडा घेऊन. "हे बघा. पेडल तळाला गेलं की मी ही फळी पेडल आणि सीटच्या मध्ये ठोकणार. तुम्ही निपल बंद केला आणि मला येऊन सांगितलं, की मगच काढणार. फळीला पाय नाही, गुडघा नाही, तिला बायकापोरांची आठवण येत नाही. ती आधी सोडणार नाही. मग बघू कोण सोडतंय."

चष्मेवाल्याला हसू आलं. तसं करून बघितलं. पुन्हा पहिल्यापासून, दोन्ही पुढच्या चाकांना, घाई न करता. फळी जागची हलली नाही.

पेडल मऊच.

कॅशिअरने फळी काखेत मारली, चष्मेवाल्याच्या पाठीवर थाप मारली आणि जेवायला घरी गेला. जिंकलेला माणूस गप्प बसला की हरलेल्याला जास्त लागतं.

चष्मेवाला गॅरेजमध्ये एकटा उरला. इतकी वर्षं हे काम तो पाठीवर पडून, हात वर करून, चाचपडतच करत आला होता. आज पहिल्यांदा त्याने चाक पार काढून बाजूला ठेवलं, समोर पत्र्याचा डबा उलटा टाकला, त्यावर बसला, आणि दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे बघायचा तसा ब्रेककडे बघत राहिला. चाकाच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी पकडणारा तो लोखंडी चिमटा, कॅलिपर, तोच तो भंगारातून आणलेला. ऑइलची नळी त्याच्यात वरच्या बाजूने शिरत होती. आणि निपल होता तळाशी.

हवा वर जाते. शाळेतल्या पोराला विचारा, तोही सांगेल. वर जमलेली हवा तळाच्या भोकातून जन्मात बाहेर येणार नाही. निपल वर असायला हवा. तो खाली आला म्हणजे कॅलिपर उलट्या बाजूला बसलाय, उजव्याचा डावीकडे आणि डाव्याचा उजवीकडे. त्याने दुसऱ्या चाकापाशी जाऊन बघितलं. तिथेही तेच.

हे कसं झालं तेही त्याला तिथेच उमगलं, आणि उमगलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. चष्मेवाल्यासमोर माणूस तोंड करून बसतो. त्याचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो. उभ्या आयुष्यात इतकं उलटं लिहिलं, की हात आपोआप लिहायचा, विचार करावा लागायचा नाही. तेव्हा भंगारातल्या गाडीपाशीही तो खडू घेऊन उभा राहिला, सुटे केलेले दोन्ही कॅलिपर समोर ठेवले, आणि सवयीने डाव्या हाताच्या कॅलिपरवर "उजवा" लिहिलं, उजव्या हाताच्यावर "डावा". गाडी मात्र त्याच्याकडे तोंड करून नव्हती. पाठ करून उभी होती.

लोकांची नजर तपासण्यात जन्म घालवला आणि स्वतःच्या गाडीच्या ब्रेककडे धड बघितलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पण चूक झाली याचं त्याला फारसं काही वाटलं नाही, चुका होतात. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, ते त्याला सलत होतं. एकदा नाही, वर्षानुवर्षं.

पहिल्या वर्षी ती म्हणाली होती, "नाही हो, मी नव्हतं सोडलं." तो म्हणाला होता, "मग हवा काय आभाळातून पडली?" पुढच्या वेळीही ती तसंच काहीतरी म्हणाली असेल. मग म्हणेनाशी झाली. आणि नंतर नंतर तर गाडीत बसतानाच, पदर खोचून, पेडलवर पाय ठेवून, ती आधीच सांगायची, "आज नीट लक्ष ठेवते हं." तेव्हा त्याला वाटायचं, बायको शिकतेय.

डब्यावर परत येऊन बसला तो उठला नाही. उठून करायचं काय आणि सांगायचं कुणाला?

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्याने दोन्ही कॅलिपर काढले आणि अदलाबदल करून बसवले. कॅशिअर न बोलावता आला आणि पेडलवर बसला. या खेपेला बुडबुडे आले ते थांबेचनात. इतक्या वर्षांची कोंडलेली हवा होती ती. शेवटी पेडल दाबलं तर दगडासारखं कडक.

"वहिनींना सांगितलं का?" कॅशिअरने विचारलं.

"फोनवर नको."

"मग जा की. आता गाडी थांबते म्हणजे न्यायला हरकत नाही."

त्याने गाडी धुतली. डिकीतली हत्यारं, जुने बेल्ट, कळकट फडकी, सगळं काढून गॅरेजमध्ये ठेवलं. बायकोची बॅग मोठी होती, ती आडवी मावेल इतकी जागा झाली. शेजारच्या सीटवरचा चुरा झटकला. आरशात बघून दाढी केली आणि करताना बोलायची वाक्यं म्हणून बघितली. चूक माझी होती. तू म्हणत होतीस तेच खरं होतं. ती म्हणेल, "बघा, मी सांगत नव्हते?" मग आपण हात जोडायचे. ती हसेल. मग तिला म्हणायचं, चल घरी. इतकी सोपी गोष्ट आपण इतके महिने का ओढली, असंही त्याला वाटलं.

वाटेत त्याचा पाय ऐकेना. सवयीने तो पेडल दोनदा दाबायचा, आणि गाडी पहिल्याच दाबाला अशी थांबायची की मागचे लोक भोंगे वाजवायचे. तरी तो खुशीत होता.

थोरल्या मेव्हणीने वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघितलं. "भाऊजी, तुम्ही येणार हे कळवायचं तरी. आवाज आला तेव्हा मला वाटलं पाण्याचा पंप बिघडला." मग ती आत वळून हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

बायको खाली आली. केस थोडे आखूड केले होते. चेहरा भरला होता, आणि ते बघून त्याला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

"काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. तू आधी इथे बस." त्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. "बस तर खरं. पेडल दाब."

तिने त्याच्याकडे बघितलं, मग बसली, पाय ठेवला. एक क्षण थांबून दाबलं. पुन्हा दाबलं.

"कडक आहे," ती म्हणाली.

तो वळसा घालून दुसऱ्या बाजूने आत बसला आणि त्याने सगळं सांगितलं. कॅशिअर, फळी, निपल, भंगारातली गाडी, खडू. तिला तांत्रिक गोष्टी कधी कळायच्या नाहीत असं तो समजायचा, पण ती मध्येच म्हणाली, "म्हणजे हवा वर राहायची आणि भोक खाली," आणि तो म्हणाला, "तेच."

"तू कधीच आधी सोडलं नव्हतंस," तो म्हणाला.

तो वाट बघत होता, की आता ती म्हणेल, मी सांगत नव्हते?

"नक्की?" तिने विचारलं.

"नक्की."

"एकदासुद्धा नाही?"

"एकदासुद्धा नाही."

तिने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "मला वाटायचं, मी सोडते," ती म्हणाली. "सुरुवातीला नाही वाटायचं. नंतर वाटायला लागलं. अगदी पायाकडे बघत बसायचे हो. तरी तुम्ही म्हणालात की वाटायचं, हललाच असेल. मग बाकीच्या गोष्टींतही तसंच व्हायला लागलं. दुधाखालचा गॅस बंद केला असला तरी तीनदा जाऊन बघायचं. कुलूप लावलं असलं तरी जिना चढून परत यायचं. आपला बाळ्या सायकलवरून पडला आणि त्याचा हात मोडला, तेव्हा सायकल मी धरली होती. तुम्ही धावत आलात आणि म्हणालात, 'तू आधी सोडलीस.'"

"मी असं म्हणालो?"

"म्हणालात. तो वळला म्हणून पडला. सायकल माझ्या हातातच होती, माझीही नखं उलटली होती. पण तुम्ही म्हणालात आणि मला वाटलं, सोडलीच असेल. मुलगा एवढा मोठा झाला, आजही त्याचा तो हात दिसला की मला तेच वाटतं."

चष्मेवाल्याने आठवून बघितलं. भंगारातून आणलेल्या कॅलिपरच्या बोल्टना कुठला पाना लागायचा ते त्याला आठवत होतं. मुलाचं प्लॅस्टर आठवत होतं. बाकी काही आठवत नव्हतं. आठवतं म्हणावं, असं एकदा मनात आलं.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

"मला आठवतं," ती म्हणाली.

रस्त्यावरून एक बाई कुत्र्याला घेऊन गेली आणि गाडीकडे वळून वळून बघत गेली. तो म्हणाला, "घरी येतेस?" इतके महिने न विचारलेला प्रश्न इतक्या बारीक आवाजात बाहेर पडला, की तिला ऐकू गेला की नाही अशी त्याला शंका आली.

"आत्ता नको," ती म्हणाली. "इथे काही पडलं तर ताई म्हणते, पडलं. कुणी पाडलं ते विचारत नाही. पहिल्यांदा कप फुटला तेव्हा मी वाट बघत उभी राहिले, आता काय म्हणेल म्हणून. ती केरसुणी घेऊन आली आणि टीव्हीवर काय चाललंय ते सांगत काचा भरून गेली. मला असं थोडं राहायचंय."

"मी आता तसं कधीच म्हणणार नाही. शपथ घेऊन सांगतो."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याच्या नखांत काळं ऑइल तसंच होतं, कितीही धुतलं तरी न जाणारं. "तुम्ही नाही म्हणालात तरी मला ते ऐकू येतं हो," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

वरून मेव्हणीने जेवायला हाक मारली. बायको गाडीतून उतरली, दार धड लागलं नाही म्हणून पुन्हा उघडून नीट लावलं, आणि त्याचं ताट वाढायला वर गेली.